संधिवाताची बारा वर्षे आणि हृदयातील एक स्टेंट

२०१३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचे निदान झाले. आमच्या भागात याला कोणी संधिवात म्हणते, कोणी आमवात. तासगावच्या एका पतसंस्थेत मी हिशेबनीस आहे. सकाळी बोटे इतकी आखडलेली असत की लेजरचे पान उलटायला अर्धा तास थांबावे लागे. पुढच्या वर्षांत मी पुष्कळ शिकले: मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे, फॉलिक ॲसिड विसरायचे नाही, दर तीन महिन्यांनी यकृताची आणि रक्ताची तपासणी करायची, वर्षातून एकदा डोळे दाखवायचे. या आजाराचा हृदयाशी काही संबंध असतो, हे मात्र या सगळ्या काळात मला कोणी स्पष्ट सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. ज्यांच्या घरात संधिवाताची फाइल आहे त्यांना माझ्यासारखे चाचपडावे लागू नये, म्हणून डिसेंबर २०२४ ते जून २०२५ या सात महिन्यांचा हा वृत्तान्त तारखांसह लिहीत आहे.

दिवाळी झाल्यानंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, माझा डावा खांदा दुखू लागला. खांद्यांचे दुखणे मला नवे नव्हते, त्यामुळे मी नेहमीचे उपाय केले: गरम पाण्याची पिशवी, आणि मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी. कधी दुखणे जबड्यापर्यंत चढे, आणि दम लागे. दम लागण्याचे खापर मी हिमोग्लोबिनवर फोडले, कारण ते दहाच्या वर कधी गेलेच नव्हते. घरी यजमान म्हणाले, “अगं, एकदा दाखवून ये.” त्यांना मी सांगितले की नऊ डिसेंबरला मिरजेची तारीख आहेच, तेव्हा बघू. माझ्या हातून झालेली ही चूक मोठी होती. चार आठवडे मी एका धोक्याच्या दुखण्याला ओळखीच्या दुखण्याचे नाव देऊन बसले होते.

नऊ डिसेंबरला, सोमवारी, संधिवाताच्या डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे एकेक सांधा दाबून पाहिला. उठता उठता मी खांद्याचा विषय काढला. त्यांनी मला परत बसवले आणि विचारले, “ताई, हात वर नेल्यावर दुखतो की जिना चढल्यावर?” मी हात वर नेऊन पाहिला, थोडा आखडलेला होता, पण ते दुखणे नव्हते. मग मला आठवले की आमचे कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे आणि दुखणे रोज तिथे, वरच्या पायऱ्यांवर सुरू होते आणि खुर्चीत पाच मिनिटे बसले की आपोआप ओसरते. संधिवाताचे दुखणे माझ्या अनुभवात याच्या अगदी उलट वागते. ते सकाळी, विश्रांतीनंतर जास्त असते आणि हालचाल सुरू झाली की हळूहळू सैल होते. चालल्याने येणारे आणि थांबल्याने जाणारे दुखणे खांद्यात असो, जबड्यात असो वा पाठीत, ते सांध्याचे समजून घरी थांबू नये. आणि ते बसूनही येऊ लागले, किंवा सोबत घाम व मळमळ असली, तर बाह्यरुग्ण विभागाच्या तारखेची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे.

तिथेच ईसीजी काढला. तो ठीक आला आणि मला हायसे वाटले, पण डॉक्टरांना वाटले नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ईसीजी पुष्कळदा ठीकच येतो, असे सांगून त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहिली आणि डायक्लोफिनॅक त्याच क्षणी बंद करायला सांगितले. या जातीच्या वेदनाशामकांमुळे हृदयविकार आणि पक्षाघात या दोहोंचा धोका वाढतो. रोफेकॉक्सिब नावाची एक प्रसिद्ध गोळी याच कारणाने २००४ साली जगभरातून मागे घेतली गेली होती, हे मला त्या दिवशी समजले. मी वर्षानुवर्षे सणावाराला, लग्नकार्याला, मार्चअखेरच्या हिशेबांना ‘दोन दिवस निभावून जावे’ म्हणून डायक्लोफिनॅक घेत आले होते. मेडिकलवाल्याने कधी चिठ्ठी मागितली नव्हती.

तेरा डिसेंबरला हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले. बाहेरच्या बाकावर एका मावशींनी विचारले, लहानपणी घसा येऊन सांधे सुजले होते का, झडप खराब झाली आहे का. त्यांच्या घरात तसे घडले होते. आत गेल्यावर मीही डॉक्टरांना तेच विचारले, आणि त्यांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. मावशी म्हणत होत्या तो संधिवाताचा ताप. तो बहुधा मुलांना घशाच्या जंतुसंसर्गानंतर येतो, त्यात हृदयाच्या झडपा आकसतात, आणि पुढे ठोके अनियमित होऊन आत धरलेली गुठळी मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. माझा आजार निराळा होता. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पण तिथे निर्माण होणारी दाहकारक रसायने सांध्यांपुरती थांबत नाहीत, ती रक्तातून सगळीकडे फिरतात, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडवतात, तिथे चरबीचे थर लवकर साचतात आणि साचलेले थर फुटण्याची शक्यताही वाढते. डॉक्टरांनी माझी सुजलेली बोटे स्वतःच्या हातात घेतली आणि म्हणाले, “ही सूज तुम्हाला दिसते. नळीतली दिसत नाही, एवढाच फरक समजा.”

माझे एकूण कोलेस्टेरॉल १७८ होते आणि मी तो कागद मोठ्या भरवशाने पुढे केला होता. त्यावर त्यांनी सांगितलेली गोष्ट मी आजवर अनेकांना सांगितली आहे: संधिवात जोरात असताना दाहामुळे कोलेस्टेरॉलचे आकडे खाली उतरतात, म्हणून अशा रुग्णाचा ‘नॉर्मल’ अहवाल निर्धास्त करणारा नसतो. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या युलार या संघटनेची शिफारस अशी आहे की वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरेंवरून धोक्याचा जो अंदाज निघतो त्याला या रुग्णांच्या बाबतीत दीडने गुणावे, आणि ही आकडेमोड निदान पाच वर्षांतून एकदा करावी. माझ्या बारा वर्षांत ती एकदाही झाली नव्हती. माझ्याकडे तर इतर कारणेही होती. वडिलांना अठ्ठावन्नाव्या वर्षी झटका आला होता, माझी पाळी थांबून तीन वर्षे झाली होती, रक्तदाब १४८ पर्यंत जात होता आणि पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहा वर्षे चालू होते.

त्या दिवशी टूडी इको झाला (२,००० रुपये) आणि मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर झाला (२,४०० रुपये). हृदयाची ताकद उत्तम निघाली. मानेतल्या नळ्यांचे अस्तर वयाच्या मानाने जाड होते, अडथळा नव्हता. आता पुढची तपासणी ट्रेडमिलची, पण माझा डावा गुडघा झिजलेला. पट्ट्यावर दोन मिनिटेही चालता आले नसते आणि अर्धवट चाचणीला काही अर्थ नसतो. अशा वेळी औषध देऊन हृदयाचे ठोके वाढवून करायची चाचणी असते किंवा सीटी अँजिओग्राफी असते, हे आपण होऊन विचारून घ्यावे. माझ्यासाठी सीटी ठरली.

सीटी सव्वीस डिसेंबरला झाली, खर्च ९,५०० रुपये. आधी क्रिएटिनिन तपासले, कारण नसेतून सोडायचा द्रव मूत्रपिंडातून बाहेर पडतो. चार तास पोटात काही नव्हते आणि ठोके साठाच्या आसपास आणण्यासाठी आदल्या रात्री आणि सकाळी गोळी घेतली होती. ज्याची कल्पना मला कोणी दिली नव्हती ती गोष्ट म्हणजे दोन्ही हात डोक्यामागे नेऊन स्थिर पडून राहावे लागते. माझे खांदे तिथवर जात नव्हते. तंत्रज्ञ मुलगी चांगली होती. तिने कोपरांखाली दोन उशा सरकवल्या आणि यंत्राची सगळी तयारी झाल्यावरच हात वर घ्यायला लावले. संधिवाताच्या रुग्णाने हे आधीच सांगावे, आणि तपासणी शक्यतो दुपारी मागून घ्यावी, कारण सकाळी सांधे ऐकत नाहीत. द्रव सोडल्यावर अंगभर उष्णतेची लाट येते, ती मिनिटाभरात जाते.

संध्याकाळी अहवाल आला. हृदयाच्या धमन्यांत साचलेल्या कॅल्शियमचा आकडा १४२, आणि हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीच्या सुरुवातीलाच मोठा अडथळा. घरी येताना गाडीत मी एक शब्द बोलले नाही. मनात भीतीपेक्षा राग जास्त होता, कारण इतकी वर्षे एकही गोळी न चुकवता घेतल्याचा मला अभिमान होता.

ॲस्पिरिन, रोसुवास्टॅटिन आणि ठोके कमी करणारी गोळी लगेच सुरू झाली. तीन आठवडे वाट पाहिली. दुखणे कमी झाले पण थांबले नाही, म्हणून एकवीस जानेवारीला अँजिओग्राफी आणि गरज पडल्यास त्याच वेळी अँजिओप्लास्टी असे ठरले. आमच्याकडे जून २०२२ पासूनची आरोग्य विमा पॉलिसी होती. अर्ज भरताना मी संधिवात लिहिला होता, आणि पूर्वीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ जून २०२५ मध्ये संपणार होता. हृदयाचा त्याच्याशी काय संबंध, असे मी धरून चालले. अठरा जानेवारीला रुग्णालयाच्या विमा कक्षाने कॅशलेसची विनंती पाठवली.

वीस तारखेला संध्याकाळी नकार आला. कारण विचारायला गेल्यावर मी प्रथमच तो पाठवलेला अर्ज पाहिला. निदानाच्या रकान्यात निवासी डॉक्टरांनी घाईत लिहिले होते, ‘कोरोनरी आर्टरी डिसीज, सेकंडरी टू आर. ए.’ म्हणजे हृदयविकार संधिवातापासून झाला. पॉलिसीत मात्र असे कलम असते की प्रतीक्षाकाळ संपेपर्यंत पूर्वीचा आजार आणि त्याची थेट गुंतागुंत यांचा खर्च मिळणार नाही. तीन शब्दांनी माझे हृदय संधिवाताच्या खात्यात जमा झाले होते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की हा अर्ज जाण्यापूर्वी तो मागून घ्यावा आणि डॉक्टरांसमोर वाचावा.

शस्त्रक्रिया पुढे ढकलायची नाही असे आम्ही ठरवले. यजमानांनी मुदत ठेव मोडली, माझ्या वहिनींनी साठ हजार पाठवले.

दाखल होताना मी औषधांची यादी लिहून नेली होती आणि मेथोट्रेक्सेटपुढे लाल शाईने ‘फक्त रविवारी’ लिहिले होते. तरीही रात्री परिचारिकेच्या तक्त्यावर ते रोजच्या गोळ्यांत उतरले होते. हे औषध रोज पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. मी गोळ्यांची वाटी हातात घेऊन एकेक ओळखली म्हणून ते लक्षात आले. परिचारिकेने लगेच तक्ता दुरुस्त केला. संमतीपत्रावर सही करायला सकाळी बोटे वळत नव्हती. मी त्यांना थांबायला सांगितले, गरम पाण्यात हात धरले आणि पंधरा मिनिटांनी, सगळी पाने वाचून, सही केली.

अँजिओग्राफी बहुधा मनगटातून करतात. माझे उजवे मनगट वाकडे झाले आहे, ते पाटावर सपाट बसेना. डॉक्टरांनी आधी उजवी, मग डावी नाडी बोटांनी बराच वेळ चाचपली आणि डावे मनगट निवडून त्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. टोचल्याचे दुखले, नंतर फारसे काही जाणवले नाही. पडद्यावर धमनीचा एक भाग दोऱ्याने आवळल्यासारखा दिसत होता. अडथळा नव्वद टक्के होता. फुगा फुगवला तेव्हा तोच खांदा, तेच दुखणे, काही सेकंद पुन्हा आले, मी ते सांगितले आणि डॉक्टर म्हणाले, “बरोबर, तेच ते.” एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसला. तेवीस जानेवारीला घरी सोडले. एकूण बिल २,१८,४०० रुपये झाले. त्यात स्टेंटचे अडतीस हजारांच्या आसपास होते, कारण २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. स्टेंटच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्यावे आणि त्याचे वेगळे बिल मागावे. दोन्हींशिवाय विम्याचा कागद पुढे सरकत नाही.

सहा फेब्रुवारीला प्रतिपूर्तीचा दावा दाखल केला. सात मार्चला तोही त्याच कलमाखाली नाकारला गेला. मी दोन्ही डॉक्टरांकडे गेले आणि त्यांच्याकडून पत्रे मागितली. मला तिथे एक अडचण जाणवत होती, ती मी हृदयरोगतज्ज्ञांना बोलून दाखवली: ज्यांनी मला संधिवाताचा आणि हृदयाचा संबंध समजावला त्यांनीच आता संबंध नाही असे लिहून द्यायचे का? त्यांनी सांगितले की संबंध नाही असे ते मुळीच लिहिणार नाहीत. धोका वाढणे आणि थेट गुंतागुंत होणे यांतला फरक लिहितील. समजा माझ्यासारख्या शंभर बायकांपैकी दहा जणींना दहा वर्षांत हृदयविकार होणार असेल, तर संधिवात असलेल्या शंभरांत तो पंधरा जणींना होईल. वरच्या पाच जणी कोणत्या, हे कोणीही सांगू शकत नाही. वडिलांचा इतिहास, रक्तदाब आणि पाळी थांबणे ही स्वतंत्र कारणे माझ्या बाबतीत हजर होती, आणि पॉलिसी घेण्यापूर्वी मला हृदयविकाराचे निदान झालेले नव्हते. हेच त्यांनी अर्ध्या पानात लिहिले. रुग्णालयाने निदानाच्या त्या ओळीची दुरुस्तीही शिक्क्यासह लेखी दिली, त्यासाठी तीन फेऱ्या झाल्या.

बारा मार्चला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे ही पत्रे पाठवली. सत्तावीस मार्चला नकार कायम असल्याचे उत्तर आले. मग पंधरा एप्रिलला पुण्याच्या विमा लोकपालांकडे तक्रार केली. याला शुल्क नाही, वकील लागत नाही, दावा पन्नास लाखांपर्यंतचा असावा लागतो आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जावे लागते. मी घटनांची तारीखवार यादी एका पानावर केली आणि प्रत्येक तारखेपुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक घातला; हिशेबनिसाच्या सवयीचा इथे उपयोग झाला. लोकपाल कार्यालयाची नोटीस गेल्यानंतर, सुनावणीपूर्वीच, कंपनीने फेरविचार करत असल्याचे कळवले आणि तीस जूनला १,९७,६५० रुपये खात्यात जमा झाले. दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांतील तपासण्यांचा खर्चही पॉलिसीत होता, त्यामुळे सीटीचे पैसे मिळाले. इको आणि डॉप्लर तेरा डिसेंबरचे असल्याने त्यांचे मिळाले नाहीत.

या पाच महिन्यांत माझ्या संधिवाताच्या उपचारांची दिशाही बदलली. सप्टेंबर २०२४ मध्ये टोफासिटिनिब हे संधिवाताचे आणखी एक औषध सुरू करण्याचा विचार होता; पन्नाशीपुढच्या आणि हृदयाचा धोका असलेल्या रुग्णांत त्याने झटका, पक्षाघात आणि गुठळ्यांचे प्रमाण वाढते असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये दिलेला असल्याने तो विचार सोडून दिला. दाह आटोक्यात ठेवणे हे आता हृदयासाठीही औषधच आहे, म्हणून मेथोट्रेक्सेटची मात्रा वाढवली आणि सल्फासालाझिन हे संधिवाताचे दुसरे औषध जोडले. प्रेडनिसोलोन चार महिन्यांत, डॉक्टरांच्या वेळापत्रकाने, अडीच मिलिग्रॅमवर आले. ते मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. दुखले तर पॅरासिटामॉल आणि शेक. एप्रिलमध्ये मांड्या दुखू लागल्या तेव्हा रोसुवास्टॅटिनचा दोष असेल असे वाटून मी ते सोडणार होते, पण आधी फोन केला, सीपीके (स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासले, ते ठीक निघाले आणि गोळी चालू राहिली.

आमच्या संधिवाताच्या दवाखान्यात ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आणखी एका आजाराच्या, तिशीतल्या मुली येतात. त्या आजारात हृदयाचा धोका फार लहान वयात सुरू होतो, आणि काहींच्या रक्तात गुठळ्या धरवणारी प्रतिद्रव्ये असल्याने पक्षाघातही होतो. आपली ती तपासणी झाली आहे का, एवढे तरी त्यांच्या घरच्यांनी पुढच्या भेटीत विचारावे असे मला मनापासून वाटते.

माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आता रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), साखर, वजन आणि सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणारा आकडा) यांचा एकत्र तक्ता आहे आणि तो दोन्हीकडे दाखवला जातो. डाव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मे २०२५ ची होती. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या स्टेंटनंतर वर्षभर चालू असल्याने ती पुढे गेली आहे. क्लोपिडोग्रेल कधी थांबवायचे, ॲस्पिरिन चालू ठेवून शस्त्रक्रिया करता येईल का, आणि मेथोट्रेक्सेट त्या आठवड्यात घ्यायचे का, हे तीन प्रश्न मी कागदावर लिहून दोन्ही डॉक्टरांकडे दिले. दोघांनी फोनवर बोलून त्याच कागदाखाली उत्तरे लिहिली आणि सह्या केल्या. तो कागद हाडाच्या डॉक्टरांना दाखवला आहे, आणि गुडघ्याची नवी तारीख फेब्रुवारी २०२६ मिळाली आहे.